फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरील मजकूर परत मिळविण्याविषयी

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत वाचन, गणन आणि पोषण आहाराच्या नोंदी हे नेहमीचे विषय आहेतच. त्यांच्या जोडीला अर्धा तास मी एका निराळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. शाळेची बाह्य हार्ड डिस्क चुकून फॉरमॅट झाली, तर तिच्यावरील मजकूर परत मिळतो काय, मिळत असल्यास कोणत्या रीतीने मिळतो, आणि तो मिळावा म्हणून शिक्षकाने पहिल्या घटकेला काय करावे व काय करू नये, हा तो विषय होय. विषय यंत्राचा असला तरी त्यातील मुख्य गोष्ट समजण्यास यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. जनरल रजिस्टर ज्याने हाताळले आहे त्याला ती सहज समजेल.

शाळेचे दप्तर म्हणजे लोखंडी कपाट, हे समीकरण आता पुरते खरे राहिलेले नाही. चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रकांचे तक्ते, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची इतिवृत्ते, स्नेहसंमेलनाची व क्षेत्रभेटींची छायाचित्रे, मुलांच्या प्रकट वाचनाची ध्वनिमुद्रणे, हे सारे सदऱ्याच्या खिशात मावेल एवढ्या एका डबीत आपण ठेवू लागलो आहो. कपाटाला आग लागली तर गाव धावून येते. ही डबी रिकामी झाली तर शेजारच्या वर्गातही कळत नाही. म्हणून तिची प्रकृती आपणांस ठाऊक असली पाहिजे.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकडी असते व तिच्यावर चुंबकीय खुणांच्या रूपाने मजकूर लिहिलेला असतो. ही तबकडी लहान लहान घरांत विभागलेली असते. एखादी फाइल आपण ठेवतो तेव्हा संगणक दोन कामे करतो. पहिले, फाइलीतील मजकूर मोकळ्या घरांत लिहितो. दुसरे, कोणत्या नावाची फाइल कोणत्या घरापासून आरंभ होते व किती घरे व्यापते, याची नोंद एका स्वतंत्र सूचीत करतो. फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस ही जी नावे आपण ऐकतो ती ही सूची ठेवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची नावे आहेत. डिस्क संगणकाला जोडल्याबरोबर जी फोल्डरे दिसतात, ती वस्तुतः या सूचीतूनच दाखविली जातात. संगणक काही प्रत्येक वेळी सारी तबकडी चाळून पाहत नाही.

आता असे समजा की, एखाद्या शाळेचे जनरल रजिस्टर हरवले. म्हणून त्या शाळेतील मुले नाहीशी झाली काय? मुले आपापल्या वर्गात बसलेलीच आहेत. कोणाचे नाव काय व कोण कोणत्या इयत्तेत, एवढेच कार्यालयात बसून सांगता येत नाही. त्यासाठी वर्गावर्गांत जाऊन विचारावे लागेल. नेहमीच्या पद्धतीने केलेले फॉरमॅट म्हणजे असे जनरल रजिस्टर काढून टाकून त्या जागी कोरे रजिस्टर ठेवणे होय. तबकडीवरील घरे तशीच भरलेली असतात. संगणकाला मात्र नव्या सूचीवरून ती सारी मोकळी दिसतात, आणि येथेच खरा धोका आहे. कारण घर मोकळे आहे अशा समजुतीने तो पुढची फाइल तेथे लिहितो, आणि एकदा नवे अक्षर लिहिले गेले की त्या जागचे जुने अक्षर कायमचे जाते. तात्पर्य असे की, मजकुराचा नाश फॉरमॅट केल्याने होतो त्याहून पुष्कळच अधिक फॉरमॅटनंतर त्या डिस्कवर जे लिहिले जाते त्याने होतो.

या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत, तेही आताच सांगितले पाहिजेत. नाहीतर खोटी आशा दिल्यासारखे होईल.

विंडोज पद्धतीच्या संगणकावर फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट' अशी एक चौकट असते व तिच्यात बहुधा आधीच खूण केलेली असते. ती खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, तर काय होते? २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट करताना प्रत्येक घरात शून्य लिहिले जाते. त्यानंतर तेथे शोधण्यासारखे काही उरत नाही. शहरात एखादा मनुष्य, सूक्ष्मदर्शक यंत्राने त्या शून्यांखालचे जुने अक्षर वाचून देतो असे म्हणाला, तर त्यास पैसे देऊ नयेत. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेनुसार चुंबकीय तबकडीवर एकदा शून्ये लिहिली की प्रयोगशाळेतही जुना मजकूर परत मिळविणे सामान्यतः शक्य होत नाही.

कोणते फॉरमॅट झाले हे न आठवल्यास घड्याळावरून ठरविता येते. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत आटोपते. एक टेराबाइटच्या डिस्कचे पूर्ण फॉरमॅट कित्येक तास चालते. शिवाय पूर्ण फॉरमॅट मध्येच थांबले असेल, समजा वीज गेली किंवा कोणी वायर ओढली, तर शून्ये जेथवर पोचली त्याच्या पलीकडचा मजकूर शाबूत असण्याचा पुष्कळ संभव असतो.

दुसरा अपवाद तबकडी नसलेल्या डिस्कांचा. अलीकडे एसएसडी नावाच्या, आत काहीही न फिरणाऱ्या डिस्का मिळतात. त्या हलक्या असतात व फार वेगाने चालतात. त्यांत 'ट्रिम' नावाची एक व्यवस्था असते. फॉरमॅट होताच संगणक अशा डिस्कला कळवितो की अमुक अमुक घरे आता उपयोगात नाहीत, आणि डिस्क स्वतःच ती झाडून टाकते. तेव्हा तेथे मजकूर परत मिळण्याची आशा फारच थोडी. नव्या फिरत्या तबकड्यांपैकीही काहींत ही व्यवस्था आली आहे. साध्या पेनड्राइव्हमध्ये ती बहुधा नसते. शाळेच्या साठवणीसाठी कोणती डिस्क घ्यावी असे मला कोणी विचारले, तर मी साधी फिरती तबकडीच घ्या असे सांगेन. ती सावकाश चालते व आदळल्यास बिघडते हे खरे, परंतु चुकीला क्षमा करण्याचा गुण तिच्यात अधिक आहे.

आता हे फॉरमॅट 'चुकून' होते म्हणजे कसे होते? पुष्कळांना वाटते की असा प्रकार केवळ बेपर्वा मनुष्याच्या हातून घडतो. तसे नाही. डिस्क जोडल्यावर पडद्यावर अनेकदा एक सूचना येते. तिचा आशय असा की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करावयाचे काय? सरकारी कागदपत्रांत 'आवश्यक' हा शब्द वाचण्याची सवय असलेला आपल्यासारखा मनुष्य आज्ञाधारकपणे 'होय' म्हणतो. वस्तुतः या सूचनेचा अर्थ इतकाच की, संगणकाला त्या डिस्कची सूची वाचता येत नाही. कदाचित आदल्या दिवशी डिस्क नीट न काढता ओढून काढल्यामुळे सूचीला धक्का लागला असेल, कदाचित ती दुसऱ्या जातीच्या संगणकावर तयार केलेली असेल, कदाचित वायरच सैल असेल. त्या क्षणापर्यंत फाइली बहुधा जागच्या जागी असतात. अशा वेळी 'नाही' म्हणावे, डिस्क काढावी, दुसरी वायर व दुसरा संगणक घेऊन पाहावे. काही दूरदर्शन संचही कार्यक्रम मुद्रित करण्यासाठी जोडलेली डिस्क आधी फॉरमॅट करू मागतात, त्यांनाही हेच उत्तर द्यावे. आणखी एक प्रकार असा की, पेनड्राइव्ह व डिस्क एकाच वेळी जोडलेली असतात, एकीला 'ई' व दुसरीला 'एफ' अक्षर मिळालेले असते, आणि पेनड्राइव्ह साफ करावयाचा म्हणून भलत्याच अक्षरावर हात पडतो. फॉरमॅट करतेवेळी ज्याचे काम नाही ते काढून ठेवावे, हा साधा उपाय आहे.

आपल्याच जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेची हकीगत येथे सांगतो. शाळेचे व गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील बाईंनी काही वर्षे खपून गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित करून घेतल्या होत्या. मराठीच्या तासाला त्या ऐकवीत, मुले त्यांतील शब्द घरी जाऊन आजीला विचारीत, आणि भाषेचा पाठ आपोआप होई. प्रत्येक आजीच्या नावाचे एक फोल्डर शाळेच्या हार्ड डिस्कवर होते. स्नेहसंमेलनाच्या तयारीत त्यांच्या सहकारी गुरुजींनी ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली. मघाशी सांगितलेली सूचना आली. गुरुजींनी 'होय' म्हटले, काही सेकंदांत डिस्क रिकामी दिसू लागली, आणि ती रिकामीच असावी अशा समजुतीने त्यांनी तिच्यावर नाचाच्या गाण्यांच्या तीन मोठ्या चित्रफिती उतरविल्या. दोन दिवसांनी बाईंनी डिस्क उघडली.

निकालपत्रके गेली असती तर उत्तरपत्रिकांवरून पुन्हा झाली असती. विद्यार्थ्यांची मूळ माहिती 'यू-डायस प्लस'वर असतेच. परंतु ओव्या गाणाऱ्यांपैकी दोन आजी मधल्या काळात वारल्या होत्या.

बाईंनी एक गोष्ट फार चांगली केली. त्यांनी डिस्क काढून घेतली, तिच्यावर 'हिच्यात काहीही लिहू नये' अशी चिठ्ठी चिकटविली व ती कपाटात ठेवली. मग संगणकाची माहिती असलेल्या शेजारच्या केंद्रातील एका शिक्षकांनी त्यावर काम केले. बहुतेक मुद्रणे परत आली. पण आली ती निनावी. शाळेच्या ओट्यावर गावातील चार म्हाताऱ्यांना बसवून ती एकेक ऐकविण्यात आली, आणि त्यांनी आवाजावरून सांगावयाचे की ही अमकीची सासू, ही तमकीची जाऊ. मी त्या शाळेस भेट दिली तेव्हा हे काम चालू होते. एक मुद्रण कोणाचे ते ओळखेपर्यंत पुढच्या तिघींच्या तोंडी तीच ओवी येई, त्यामुळे कामाला वेळ लागे, पण कोणाची तक्रार नव्हती. जी परत आली नाहीत ती मुद्रणे त्या तीन चित्रफितींच्या जागी होती. वारलेल्या दोघींपैकी एकीची जवळजवळ सर्व मुद्रणे त्यांत गेली. दोन दिवस आधी, चित्रफिती उतरविण्यापूर्वी, कोणी थांबले असते तर तीही मिळाली असती.

ते काम कसे केले, हे आता जरा विस्ताराने सांगतो, कारण प्रत्यक्ष उपयोग त्याचाच आहे.

पहिली गोष्ट, फॉरमॅट झालेल्या डिस्कवर काही लिहावयाचे नाही. सूचना आली म्हणून दुरुस्तीची तपासणीही चालवावयाची नाही, कारण 'चेकडिस्क'सारखी तपासणी डिस्कवर बदल करू शकते. मजकूर शोधणारा कार्यक्रम संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवावयाचा आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्याच जागी उतरवावयाच्या. त्याच डिस्कवर उतरविल्यास एक मूल सापडले म्हणून त्याला दुसऱ्याच्या जागेवर बसविल्यासारखे होते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र यांपैकी काहीही करू नये. तो यंत्राचा बिघाड आहे, तेथे कार्यक्रम चालविल्याने तबकडी खरवडली जाते. अशी डिस्क बंद करून, मजकूर मोलाचा असेल तर, धूळविरहित खोलीत डिस्क उघडण्याची सोय असलेल्या जाणकाराकडेच पाठवावी.

दुसरी गोष्ट, मजकूर पुन्हा न मिळण्यासारखा असेल तर मूळ डिस्कवर शोधाशोध करण्याआधी तिची घरोघर जशीच्या तशी नक्कल तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर करून घ्यावी आणि पुढचे प्रयोग त्या नकलेवर करावे. त्यासाठी दुसरी डिस्क उसनी आणावी लागते, वेळही लागतो. वेळेचा हिशेब सोपा आहे. एक टेराबाइट म्हणजे दहा लक्ष मेगाबाइट. दर सेकंदास १०० मेगाबाइट वाचले गेले, तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतील. जुन्या यूएसबी जोडणीवर वेग ३० मेगाबाइटच्या आसपास पडतो, तेव्हा नऊ तासांवर हिशेब जातो. ज्या गावी दुपारी वीज जाते तेथे हे काम लॅपटॉपवर, पूर्ण भारित करून, रात्री लावावे हे बरे.

तिसरी गोष्ट शोधण्याची. शोधण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात जुन्या सूचीचे अवशेष हुडकले जातात. नवी कोरी सूची लहान असते, ती जुन्या मोठ्या सूचीचा आरंभीचा थोडाच भाग झाकते. त्यामुळे एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर पुष्कळदा फाइली नावांसह व फोल्डरांसह परत मिळतात. फॅट३२ व एक्सफॅट पद्धतींत मुख्य पानावरील नावे पुसली जातात. फोल्डराच्या आतील नावे मात्र त्या फोल्डराच्याच घरात लिहिलेली असल्यामुळे टिकण्याचा संभव असतो. एवढ्याच कारणासाठी तरी फाइली मोकळ्या न टाकता फोल्डरांत ठेवाव्या. नाव टिकले तरी फाइलीची घरे एका ओळीत नसून विखुरलेली असतील तर ती जोडता येईलच असे नाही. पण ज्या डिस्कवर फाइली केवळ ठेवल्या जातात व फारशा पुसल्या जात नाहीत, तेथे त्या बहुधा ओळीनेच असतात.

दुसरा मार्ग वर्गावर्गांत जाऊन विचारण्याचा. प्रत्येक जातीच्या फाइलीच्या आरंभी ठरलेली खूण असते. जेपीईजी छायाचित्र असेल तर पहिल्या दोन अक्षरस्थानी 'एफएफ' व 'डी८' हे संख्याचिन्हांचे जोड येतात. पीडीएफ फाइल असेल तर टक्केवारीचे चिन्ह व 'पीडीएफ' ही अक्षरे येतात. अलीकडच्या वर्ड फाइलीचा आरंभ 'पीके' या दोन अक्षरांनी होतो. ही दोन अक्षरे फाइली दाबून लहान करण्याची झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. मृत मनुष्याची आद्याक्षरे आपल्या प्रत्येक परिपत्रकाच्या फाइलीत आहेत, हे मला तरी मोठे नवल वाटते. असो. हा कार्यक्रम सूचीकडे ढुंकूनही न पाहता पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जातो, खूण दिसली की तेथून पुढचा मजकूर उचलतो व निराळा ठेवतो. या मार्गाने नावे परत येत नाहीत. ओव्यांच्या बाबतीत असेच झाले, कारण बाईंची डिस्क फॉरमॅट होताना तिची सूचीपद्धतीही बदलली होती. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत एक अडचण अधिक असते. पुष्कळ मोबाइल मुद्रणाची स्वतःची लहान सूची फाइलीच्या शेवटी लिहितात. तेवढा शेवटचा भाग झाकला गेला, तर आधीचा सारा आवाज जागच्या जागी असूनही ते मुद्रण साधेपणाने वाजत नाही.

यासाठी पैसे मोजावे लागतातच असे नाही. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तयार केलेले 'टेस्टडिस्क' व 'फोटोरेक' हे दोन कार्यक्रम विनामूल्य आहेत. त्यांपैकी फोटोरेक दुसऱ्या मार्गाने चालतो. नाव फोटोचे असले तरी तो दस्तऐवज व ध्वनिमुद्रणेही शोधतो. मायक्रोसॉफ्टनेही २०२० साली 'विंडोज फाइल रिकव्हरी' नावाचा कार्यक्रम विनामूल्य दिला, मात्र तो आज्ञा टंकित करून चालवावा लागतो. विकतचे कार्यक्रम दिसावयास सुबक असतात, आणि त्यांपैकी पुष्कळांत सापडलेली फाइल पैसे भरण्यापूर्वी पाहता येते. ती अवश्य उघडून पाहावी. पडद्यावर नुसती नावांची लांबलचक यादी आली म्हणजे मजकूर मिळाला असे नव्हे. नावाखालचे घर दुसऱ्याने व्यापलेले असू शकते.

फोटोरेकने दिलेल्या फाइलींना 'एफ' अक्षर व त्यापुढे आकडे अशी नावे असतात. हे आकडे निरर्थक नाहीत. फाइल डिस्कवर कोणत्या घरापासून आरंभ होत होती, ते त्यांवरून कळते. एकाच दिवशी उतरविलेल्या फाइली बहुधा शेजारी शेजारी असतात. म्हणून जवळच्या आकड्यांच्या फाइली एका प्रसंगाच्या असण्याचा संभव मोठा. छायाचित्रांच्या पोटात काढल्याची तारीख व वेळही बहुतेक वेळा नोंदलेली असते, तिच्यावरून संमेलन कोणते व सहल कोणती हे लावता येते. हे वर्गीकरणाचे काम कंटाळवाणे आहे खरे, पण वरच्या वर्गातील मुलांना सोबत घेतले तर ते कंटाळवाणे राहत नाही.

आता मुख्याध्यापकांना व केंद्रप्रमुखांना, आणि माझ्या पदावरील मंडळींनाही, दोन शब्द सांगावयाचे आहेत.

अमेरिकेच्या अलास्का राज्यात खनिज तेलाच्या उत्पन्नातून नागरिकांना दरवर्षी लाभांश वाटला जातो. जुलै २००६ मध्ये तेथील महसूल खात्यात नेहमीची देखभाल करीत असता एका तंत्रज्ञाच्या हातून या लाभांशाच्या अर्जांची माहिती असलेली डिस्क फॉरमॅट झाली, आणि तिची राखीव प्रत असलेली डिस्कही फॉरमॅट झाली. तिसरी सोय म्हणून चुंबकीय फिती होत्या. त्या लावून पाहिल्या, तर वाचता येईनात. सुमारे ८ लक्ष कागदांच्या संगणकीय प्रतिमा अशा रीतीने गेल्या. शेवटी कामी आले ते मूळ कागद. तीनशेहून अधिक खोक्यांत ते भरून ठेवलेले होते. सुमारे ७० माणसांनी संध्याकाळी व सुटीच्या दिवशी बसून ते पुन्हा संगणकात घातले. या कामाला सुमारे सहा आठवडे लागले, खर्च २ लक्ष २० हजार डॉलरांवर गेला, आणि लाभांश मात्र लोकांना मिळाला.

या हकीगतीतील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. राखीव प्रत असणे निराळे आणि ती वाचता येणे निराळे. वर्षातून एकदा तरी ती उघडून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्या खात्याने कोणाचा बळी घेतला नाही. तत्कालीन महसूल आयुक्तांनी तसे उघडपणे सांगितले. आपल्याकडे असे काही घडले की पहिला कागद निघतो तो 'खुलासा सादर करावा' असा. त्याचा परिणाम काय होतो ते पाहा. ज्याच्या हातून फॉरमॅट झाले तो भितो, कोणाला सांगत नाही, इकडून तिकडून मिळतील तेवढ्या फाइली गोळा करून त्याच डिस्कवर घाईघाईने भरतो, म्हणजे वरकरणी डिस्क पूर्वीसारखी दिसावी. आणि जे परत मिळण्यासारखे होते ते याच घाईत कायमचे झाकले जाते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, अशा प्रसंगी आधी डिस्क कपाटात जावी, आणि खुलाशाचा विचार, करावयाचाच असेल तर, मजकूर मिळाल्यानंतर करावा. त्या द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी सारे सांगून टाकले होते व चित्रफिती नेमक्या कोणत्या वेळी उतरविल्या तेही लपविले नव्हते. त्यांच्या त्या माहितीचा शोधकामात उपयोग झाला.

राखीव प्रतींविषयी फार सांगत नाही. मूळ धरून तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर, असा प्रघात जाणकार पाळतात. शाळेला तिन्ही जमत नसतील तर निदान दुसरी प्रत तरी केंद्रशाळेच्या कपाटात असावी. पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात, त्यांना जागाही थोडी लागते.

शेवटचा मुद्दा याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा आहे, आणि तो आपल्या निर्लेखनाच्या कामाशी संबंधित आहे. फॉरमॅट केल्याने मजकूर जात नाही हे आपण पाहिले. मग शाळेचे जुने संगणक आपण 'फॉरमॅट करून' भंगारात किंवा लिलावात देतो, तेव्हा मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी व बँकेची खाती, यांचे काय होते? ती माहिती विकत घेणाऱ्याबरोबर जाते. अमेरिकेतील सिमसन गारफिंकेल व अभि शेलत या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्का बाजारातून विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या, आणि त्यांतील केवळ १२ नीट पुसलेल्या निघाल्या. बाकीच्यांत पत्रे, रुग्णांची माहिती व क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक सापडले. हा शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. म्हणून निर्लेखनापूर्वी डिस्क फिरत्या तबकडीची असेल तर पूर्ण फॉरमॅट करावे, क्विक नव्हे. चालू होत नसेल तर डिस्क संगणकातून काढून घेऊन तबकडी फोडावी व तसा पंचनामा जोडावा. एसएसडीसाठी तिच्या निर्मात्याने दिलेली पुसण्याची सोय वापरावी. त्याचप्रमाणे, हरवलेला मजकूर शोधण्यासाठी डिस्क बाहेरच्या दुकानात द्यावी लागली, तर तिच्यावर मुलांची कोणती माहिती आहे याचा विचार आधी करावा, देताना लेखी पोच घ्यावी, आणि काम झाल्यावर दुकानदाराच्या संगणकावर राहिलेली प्रत आपल्यासमोर काढून टाकावयास सांगावी. छायाचित्रे सापडत आहेत या आनंदात हे विसरले जाते.

माझा वेळ संपत आला आहे. या टेबलावर ८ गिगाबाइटचा एक पेनड्राइव्ह आहे व त्यात येथील केंद्रशाळेच्या मुलांनी काढलेल्या चित्रांची पंचवीस छायाचित्रे आहेत. त्यांची दुसरी प्रत मुख्याध्यापकांजवळ आहे, तेव्हा काळजी नसावी. आपल्यापैकी एकाने पुढे येऊन तो सर्वांसमक्ष क्विक फॉरमॅट करावयाचा आहे. नंतर आपण फोटोरेक लावू आणि चहा होईपर्यंत पंचवीसांपैकी किती परत येतात ते मोजू. मागच्या बाकावरील बाईंनी यावे, त्या मघापासून काहीतरी विचारावयाच्या बेतात दिसतात.